बोळक्याची ढोली

एका जंगलात, मुलांनो, कुणी कुणाचं वय विचारत नसे. दात विचारत. "किती राहिलेत?" असं म्हटलं की समोरच्यानं तोंड उघडून दाखवायचं. यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

कारण त्या जंगलात खाण्यासारखं जे होतं ते सगळं कवचात होतं. चारोळी कवचात. बेहडा कवचात. आंबा संपला की कोयसुद्धा कवचात. दात आहेत तोवर चैन. दात गेले की समोर ढीग असून पोटात काही नाही.

म्हणून जुन्या जनावरांनी एक रीत घालून दिली होती. दहा फळं फोडली की नवांचे गर खायचे आणि दहाव्याचा वाळवून ठेवायचा. ओढ्याकाठी एक अवाढव्य उंबर होता. त्याच्या बुंध्याला चहूकडून पोकळ्या होत्या. प्रत्येक जनावराची एक. तिला म्हणत बोळक्याची ढोली. तोंडाचं बोळकं झालं की ती उघडायची. त्याआधी नाही. लेकीच्या लग्नाला नाही आणि शेजाऱ्याशी बरोबरी करायला तर मुळीच नाही.

गर ठेवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी राखेत घोळवून ठेवी. कुणी नुसतेच टाकी. साळूमावशी नावाची एक साळिंदर होती. ती आपले गर रानहळदीच्या पानात बांधून ठेवायची. तिच्या ढोलीजवळून गेलं की हळदीच्या पानाचा वास यायचा.

ढोल्या राखायला धोंडूतात्या कासव होता. कासवाला जन्मापासून दात नसतात, त्यामुळे तो कुणाच्या बोळक्याला हसत नसे. तो पाला खाई, म्हणून गराचा मोह नव्हता. आणि घाई तर त्याला कशाचीच नव्हती. ढोली मागायला कुणी आलं की तो म्हणे, "आ कर." मग आत बराच वेळ बघे. एक दात दिसला तरी म्हणे, "आहे की एक. जा, चाव अजून."

रीत कंटाळवाणी होती. तिच्यामुळे कुणी श्रीमंत झालं नव्हतं. पण म्हातारपणी कुणी उपाशी मेलंही नव्हतं. न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करतो?

या जंगलात नारबा नावाचा एक शेकरू राहत होता. शेकरू म्हणजे ती मोठी, तांबडी, झुपकेदार शेपटीची खार. नारबाचं दुकान होतं. ज्यांचे दात कमजोर, त्यांची फळं तो फोडून द्यायचा. दहा फोडली की दोन गर त्याचे. दुकान म्हणजे एक आडवी फांदी. बसायला ऐसपैस, खाली फळं टाकायला खोबण. फांदी हणमंतराव वानराची होती. नारबा दर पौर्णिमेला त्याला मूठभर गर भाडं देई. देताना दर वेळी त्याच्या पोटात दुखे. बाकी त्याचं बरं चाललं होतं.

त्याच्या बायकोचं नाव पारूबाई. तीही चौदा पावसाळे ढोलीत गर टाकत होती. नारबाही टाकत होता. दोघांच्या ढोल्या शेजारी शेजारी होत्या आणि दोन्ही गळ्यापर्यंत भरत आल्या होत्या.

मग एके दिवशी महाराजांचा हुकूम निघाला. महाराज म्हणजे सिंह. महाराजांची स्वतःची ढोली नव्हती. त्यांच्या म्हातारपणाची सोय सगळं जंगल मिळून करणार होतं. त्यामुळे इतरांच्या ढोल्यांबद्दल त्यांना मोकळ्या मनानं विचार करता येई. हुकूम असा होता, "यापुढे जो तो आपल्या ढोलीचा मालक. ढोलीतल्या गरांनी काय विकत घ्यायचं ते मालकानं ठरवावं. मात्र दात असेपर्यंत गर खाता येणार नाहीत."

म्हणजे गर उडवायची मुभा मिळाली. खायची नाही.

हुकूम निघाला आणि दुसऱ्याच दिवशी भारद्वाज आला. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे तुम्हाला घरी सांगितलं असेलच. कुणाचा चांगला जातो, ते मात्र कुणी सांगत नाही. दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी खाऊन तो पोट भरायचा. पण अंगावर तांबूस, झुळझुळीत कोट. चाल सावकाश, सभ्य. शिवाय त्याचं दर्शन शुभ. त्याला नको कोण म्हणणार?

त्यानं करंजाखाली माहितीसत्र ठेवलं. माहिती फुकट होती. मोहाच्या फुलांचं सरबतही फुकट होतं. फुकट सरबत पिताना जनावराची मान आपोआप होकारार्थी हलते.

"नारबाशेठ," भारद्वाज म्हणाला. त्याआधी नारबाला कुणी शेठ म्हटलं नव्हतं. "तुमच्या ढोलीत काय आहे?"

"गर."

"काय करतायत?"

नारबा गोंधळला. गर काही करतात असं त्याला ठाऊकच नव्हतं. "पडून आहेत," तो म्हणाला.

"पडून." भारद्वाजानं इतक्या दुःखानं मान हलवली की जवळच्या दोन सशांना हुंदका आला. "चौदा पावसाळे तुम्ही राबलात आणि तुमचे गर झोपले. बरं, दुकानाचं भाडं कुणाला देता?"

"हणमंतरावांना."

"आणि हणमंतराव ते खातात. आता असं समजा, तुमच्या ढोलीनंच ती फांदी विकत घेतली. मग भाडं कुणाला जाईल?"

"ढोलीला."

"ढोली कुणाची?"

"माझी."

"म्हणजे भाडं कुणाला?"

नारबाच्या हातातलं सरबत सांडलं. "मला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भाडं द्यावंसं वाटलं.

तो उड्या मारत घरी आला आणि सगळं पारूबाईला सांगितलं. पारूबाई शेवाळानं घरट्याची फट बुजवत होती. तिनं काम थांबवलं नाही.

"अहो, म्हातारपणी खायचं काय?"

"अगं, ढोली आहे ना."

"ढोलीत काय असेल?"

"फांदी असेल. स्वतःची. तिचं भाडं येत राहील."

"भाडं कोण देणार?"

"मीच. दुकानातून."

"दुकान कशावर चालतं?"

उत्तर पारूबाईनंच दिलं. "दातांवर. म्हणजे दात पडतील त्या दिवशी दुकान बंद. दुकान बंद म्हणजे भाडं बंद. आणि भूक लागणार त्याच दिवसापासून. अहो, फांदी चावत नाहीत हो."

पारूबाई कुठल्याही माहितीसत्राला गेली नव्हती. म्हणून तिला एवढं साधं कळत होतं.

"तुला धंद्यातलं कळत नाही," नारबा म्हणाला. "तू तुझी ढोली झोपव. माझी मी जागी करतो."

दुसऱ्या दिवशी तो उंबराखाली गेला. त्या जंगलात सही नव्हती. झाडाच्या सालीवर कडकडून चावायचं, दातांचा ठसा उमटला की व्यवहार पक्का. नारबानं तीन ठिकाणी चावा घेतला. एक ढोलीचा मालक म्हणून, एक दुकानाचा मालक म्हणून आणि एक भारद्वाजाच्या देखरेखीला मान्यता म्हणून. तिसऱ्या सालीवर काय आहे ते त्यानं वाचलं नाही. तोवर तो चावण्याच्या भरात आला होता.

धोंडूतात्या म्हणाला, "नारबा, चौदा पावसाळे मी तुझे गर राखले. आता काय राखू?"

"हा सालीचा तुकडा राखा, तात्या. फांदीचा आहे."

तात्यानं तुकडा उलटसुलट पाहिला. "याला मुंग्या तरी लागणार नाहीत," तो म्हणाला आणि तुकडा ढोलीत ठेवला. मोकळ्या ढोलीत तुकडा पडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

हणमंतरावाचं अख्खं कुटुंब दोन दिवस गर वाहत होतं. निम्मे तर वाटेतच बसून खाल्ले.

"आता तुम्ही कुठे राहणार?" नारबानं जरा दिलगिरीनं विचारलं. त्याला वाटलं, आपण बिचाऱ्याला फसवलं.

"आम्हाला काय," हणमंतराव गालफडं भरत म्हणाला. "जंगल आहे. उडी मारली की दुसरी फांदी."

हे वाक्य नारबानं ऐकलं. पण मुलांनो, ऐकणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं.

पहिले काही महिने फार मजेत गेले. जंगलात नारबाला फांदीमालक म्हणू लागले. तो चालताना शेपटी जरा उंच धरू लागला. दर पौर्णिमेला सकाळी तो दुकानदार म्हणून मूठभर गर घेऊन निघायचा, मालक म्हणून ते स्वीकारायचा आणि ढोलीत टाकायचा. मग भारद्वाज यायचा आणि देखरेखीचे म्हणून ते गर उचलून न्यायचा.

"सगळेच?" एकदा नारबानं विचारलं.

"देखरेख रिकाम्या ढोलीची जास्त करावी लागते," भारद्वाज म्हणाला. हे नारबाला पटलं.

एका पावसाळ्यात फांदीला चीर गेली. पूर्वी असं झालं की नारबा हणमंतरावाच्या नावानं शंख करी आणि हणमंतराव वेल गुंडाळून देई. आता नारबानं मालकाकडे तक्रार केली. मालकाकडे गर नव्हते. तेव्हा दुकानदारानं स्वतःच्या खाण्यातून वेल आणले. त्या पौर्णिमेला दुकानदारानं भाड्यात सूट मागितली. मालक म्हणून नारबानं नाही म्हटलं. दुकानदार म्हणून त्याला ते फार लागलं. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही.

पुढच्या वर्षी त्याचा एक दात हलू लागला.

त्या जंगलात दात हलू लागला की शेजारीपाजारी हसतमुखानं भेटायला येत. "आता बसून खायचं," असं म्हणत. नारबानं मात्र दात लपवला. हलत्या दाताच्या दुकानात बेहडा फोडायला कोण आणणार? तो ओठ मिटून हसू लागला. चारोळी डाव्या दाढेनं, बेहडा उजव्या, अशी कसरत करू लागला. एक दात गेला, मग दुसरा. गिऱ्हाइकांना अर्धवट फुटलेली फळं मिळू लागली. गिऱ्हाईक जनावर असलं तरी मूर्ख नसतं. पलीकडच्या झाडावर एका तरुण शेकरानं दुकान काढलं होतं. फुकटच्या फांदीवर. सगळे तिकडे वळले.

शेवटचा दात एका बेहड्यातच अडकून राहिला. नारबानं बेहडा टाकून दिला आणि थेट धोंडूतात्याकडे गेला.

"आ कर," तात्या म्हणाला. बराच वेळ बघून म्हणाला, "एकही नाही. हक्क झाला तुझा. बस." आणि ढोलीत मान घालून त्यानं सालीचा तुकडा काढला आणि नारबापुढे ठेवला.

नारबा तुकड्याकडे बघत बसला. "तात्या, फांदी विकायची आहे," तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द भिजून बाहेर येत होते.

हणमंतरावाला बोलावलं. तो फांदीवर बसला, दोनदा हलून पाहिलं. "बसायला बरी आहे," तो म्हणाला. "पण बसायला गर कशाला द्यायचे?" आणि उडी मारून पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

"तसंही विकता आली नसती," तात्या म्हणाला. "विक्रीला मालकाच्या दाताचा ठसा लागतो."

नारबानं हिरड्यांवरून जीभ फिरवली.

"आणखी एक. तीन पौर्णिमांचं भाडं थकलंय. नियमाप्रमाणे मालकानं दुकानदाराला फांदीवरून काढायला हवं."

"मी मला काढू?"

"हो. मालकानं नोटिशीवर चावायचं. दुकानदारानं मिळाली म्हणून चावायचं."

नारबानं दोन्ही सालींना हिरड्या लावून पाहिल्या. नुसती लाळ लागली. म्हणजे त्याला आता फांदी विकता येत नव्हती, सोडता येत नव्हती आणि खाता येत नव्हती. अशा वस्तूला, मुलांनो, मालमत्ता म्हणतात.

घरी पारूबाईनं काही विचारलं नाही. तिला अजून दोन दात होते. त्या दोन दातांनी ती दिवसभर कोयी कुरतडायची आणि गर चुरून अर्धे नारबापुढे ठेवायची. तिचे ते दोन गेले की तिची ढोली उघडणार होती. ढोली भरलेली होती. पण ती भरली होती एकीपुरती. हे दोघांना माहीत होतं.

एके सकाळी भारद्वाज दारात उभा राहिला. त्याला बघून नारबा जोरात ओरडायला गेला. पण दात नसल्यानं नुसतंच फुस् झालं.

"नारबाशेठ, रागावू नका," भारद्वाज म्हणाला. "मी तुमच्यासाठी काम आणलंय. करंजाखाली यायचं. चार शब्द बोलायचे. एका सत्राला मूठभर गर. सोललेले, मऊ."

"काय बोलायचं?" पारूबाईनं विचारलं.

"खरं तेच, वहिनी. फांदी यांचीच आहे ना?"

"आहे."

"मग झालं. बोलायला दात लागत नाहीत."

"गर कुणाच्या ढोलीतले देणार?" पारूबाईनं विचारलं. भारद्वाजानं आपला कोट नीट केला. मग तो तिच्या ढोलीबद्दल अगदी सहज काहीतरी म्हणू लागला. पारूबाईनं हातातली कोय त्याच्या पायाशी आपटली. तो सभ्यपणे दोन पावलं मागे गेला.

नारबा करंजाखाली गेला. पहिल्या दिवशी त्याची मान खाली होती. भारद्वाजानं त्याला उंच दगडावर बसवलं आणि म्हणाला, "हे नारबाशेठ. फांदीमालक. आता काम करत नाहीत." सगळ्यांनी आदरानं पाहिलं. नारबाची मान थोडी वर आली. चौथ्या सत्रापर्यंत शेपटीही वर आली.

पाचव्या सत्राला साळूमावशी आली.

मावशी नारबाच्याच झाडाच्या बुंध्याशी राहायची. नारबाची पिल्लं लहान असताना एकदा साप वर चढू लागला होता. तेव्हा हीच मावशी काटे फुलवून दुपारभर बुंध्याला पाठ लावून उभी राहिली होती. आता तिला तीनच दात राहिले होते. भारद्वाजानं तिला सांगितलं होतं की तिच्या ढोलीनं तिचंच बीळ विकत घ्यावं आणि गर देखरेखीला त्याच्याकडे द्यावेत.

तिनं सरबत घेतलं नाही. ती सरळ दगडाजवळ आली.

"नारबा, अरे, मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "हा भारद्वाज गोड बोलतो. पण मी त्याला ओळखत नाही. तुला ओळखते. तुझं बरं झालं का रे? खरं सांग."

नारबानं तिच्याकडे पाहिलं. मग भारद्वाजाच्या पायाशी पानावर ठेवलेल्या गरांकडे पाहिलं. त्याला पारूबाईचे दोन दात आठवले. आपली मोकळी ढोली आठवली. साप आठवला की नाही, ते मला ठाऊक नाही.

"मावशी," तो म्हणाला, "मी फांदीचा मालक आहे."

"असं म्हणतोस," मावशी म्हणाली. "मग झालं." आणि तिनं साल तोंडात धरली. तीन दातांचा का होईना, ठसा खणखणीत उमटला. नारबाचा सारा जन्म दातांच्या धंद्यात गेला होता. चांगल्या चाव्याचा आवाज त्याला लगेच कळला.

पुढच्या सत्रानंतर त्याला दोन मुठी गर मिळाले. तो ऊन उतरायच्या आत घरी आला आणि पारूबाईपुढे पान ठेवलं.

"खा," तो म्हणाला. "आता तुलाही कुरतडायला नको. दोघांपुरते मिळतायत."

पारूबाईनं एक गर उचलला. तोंडाजवळ नेला आणि थांबली. तिनं तो पुन्हा पानावर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "याला हळदीच्या पानाचा वास येतोय."

खाली बुंध्याशी साळूमावशी आपल्या मालकीच्या बिळाचं दार झाडत होती. झाडताना ती काहीतरी गुणगुणत होती.

नारबानं एक गर तोंडात टाकला. हिरड्यांनी दाबला. बराच वेळ चघळला.

"मऊ आहे," तो म्हणाला.

पारूबाई उठली. कोय घेऊन घरट्याच्या फांदीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि त्याच्याकडे पाठ करून दोन दातांनी कुरतडत बसली.

तात्पर्य : मुलांनो, म्हातारपणाची पुंजी स्वतःच्या ढोलीत साठवण्याचा वेडेपणा करू नका. ती दुसऱ्यांच्या ढोल्यांत आयतीच साठलेली असते. तुम्ही फक्त एकदा बुडा, आणि मग उंच दगडावर बसून कुणी विचारलं तर खरं तेवढंच सांगा.